चोपन्न किलोंचे दुखणे

वजन सांगताना माणूस खोटे बोलतो, हे काही आजचे नाही. पण आजवर त्या खोटेपणाला एक शिस्त होती. आकडा नेहमी खालच्या बाजूलाच झुकायचा. काट्यावर चढण्याआधी चपला काढायच्या, खिशातला मोबाइल कुणाच्या तरी हातात द्यायचा, आणि तरीही काटा ऐकेना तर काटाच बिघडलाय म्हणायचे, ही सर्वमान्य पद्धत. ती ब्रिटनमध्ये मोडली. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने मिळवायला ठरावीक जाडी लागते, म्हणून तिथे लोक ऑनलाइन औषधविक्रेत्यांच्या अर्जात आपले वजन वाढवून लिहू लागले. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या औषधविक्रेत्यांच्या नियामक परिषदेला सांगावे लागले की नुसत्या भरलेल्या प्रश्नावलीवर विसंबू नका. व्हिडिओवर बघा, प्रत्यक्ष भेटा किंवा डॉक्टरकडची नोंद तपासा, पण गिऱ्हाईक खरोखर जाड असल्याची खात्री करून घ्या. बारीक होण्यासाठी आधी कागदावर जाड व्हायचे, ही युक्ती रेशनकार्डावर उत्पन्न कमी दाखवणाऱ्या आपल्या लोकांनाही सुचली नसती. या अर्जदारांपैकी ज्यांचे वजन मुळात ठीकच आहे, त्यांनी हे औषध घ्यावे का, एवढाच इथला प्रश्न. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते घामाच्या, तपश्चर्येच्या किंवा ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’ या मुद्द्यावर उभे नाही. ते साध्या हिशेबावर उभे आहे.

आधी औषधाचा मान राखू. सेमाग्लुटाइडला अमेरिकेत २०१७ मध्ये मधुमेहासाठी आणि २०२१ मध्ये लठ्ठपणासाठी परवानगी मिळाली. त्याच्या पाठोपाठ टिर्झेपाटाइड आले. जेवल्यावर आपल्या आतड्यातून एक संप्रेरक सुटते आणि ‘पुरे आता’ असा निरोप मेंदूला देते. पण ते काही मिनिटांत विरते, आणि तेवढ्यात आग्रह करणारी मंडळी दुसरी पुरणपोळी वाढून मोकळी होतात. सेमाग्लुटाइड हे त्याच संप्रेरकाचे असे रूप आहे की ते आठवडाभर टिकते. या औषधांच्या वंशावळीत एक सरपटणारा प्राणीही आहे. हिला मॉन्स्टर नावाच्या, अमेरिकेच्या वाळवंटातल्या विषारी सरड्याच्या विषात तसेच काम करणारा पदार्थ डॉ. जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास सापडला, आणि त्यावरून या घराण्यातले पहिले औषध २००५ मध्ये बाजारात आले. (आपल्याकडे आख्यायिकेतली घोरपड गड चढायला उपयोगी पडली, तिकडची वजन उतरायला.) लठ्ठपणाने ज्यांचे गुडघे, साखर, रक्तदाब आणि झोप यांची वाट लावली आहे, त्यांच्यासाठी ही औषधे म्हणजे खरोखर मोठी गोष्ट आहे. एका मोठ्या चाचणीत १,९६१ जणांना ६८ आठवडे पाहिले, तेव्हा सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले. औषधाविना नुसतीच सुई टोचून घेणाऱ्यांचे २.४ टक्के. दोन्ही गटांना आहार आणि व्यायामाचा सल्ला सारखाच दिला होता. म्हणजे ‘जिद्द पाहिजे’ म्हणणाऱ्यांच्या जिद्दीचे बाजारमूल्य साधारण २.४ टक्के ठरले. लठ्ठ माणसाला आळशी म्हणून हिणवणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

पण त्या चाचणीत प्रवेश कुणाला होता, तेही पाहायला हवे. बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत वजनाशी निगडित एखादा तरी आजार. आता हा बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. तो एकोणिसाव्या शतकात ज्यांनी काढला ते आदोल्फ केतले हे बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांना कुणाला बारीक करायचे नव्हते, सरासरी माणूस कसा असतो ते शोधायचे होते. ग्रहताऱ्यांकडे पाहणाऱ्या माणसाने काढलेला आकडा लोकांची झोप उडवतो यात आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. आपल्याकडे ते काम शनी पूर्वीपासून करत आला आहे. जगभर १८.५ ते २५ हे निरोगी मानले जाते, पण भारतीयांसाठी इथल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये ही रेषा २३ वर आणली. त्यामुळे १७० सेंटिमीटर उंचीचा, ६८ किलोंचा गृहस्थ हीथ्रोवर विमानात चढतो तेव्हा सुदृढ असतो आणि सहारला उतरतो तेव्हा त्याचे वजन जास्त झालेले असते, तेही विमानातले जेवण नाकारून. असा सीमारेषेवरचा माणूस आपण बाजूला ठेवू. आपला विषय आहे ती १६० सेंटिमीटर उंचीची, ५४ किलोंची बाई. बीएमआय २१. साखर नीट, रक्तदाब नीट, जिना चढताना दम लागत नाही. तक्रार एकच: ५० हवेत.

आता हिशेब. कुठल्याही औषधाचा फायदा हा आजाराच्या धोक्यातून कापून काढलेला तुकडा असतो. या औषधाचा सर्वांत भारदस्त पुरावा २०२३ मध्ये आला: हृदयविकार असलेल्या, बीएमआय २७ च्या वर असलेल्या १७,६०४ लोकांत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी केले. बातमी ‘२० टक्के’ अशी छापली जाते, आणि वाचणारा प्रत्येक जण ते २० टक्के आपल्या नावावर जमा करून टाकतो. प्रत्यक्षात नुसती सुई घेणाऱ्या शंभरांत ८ जणांवर असे संकट आले, औषध घेणाऱ्यांत साडेसहा जणांवर. म्हणजे आधीच आजारी असलेल्या शंभर जणांना तीनेक वर्षे औषध देऊन दीड माणूस वाचला. हा फायदा खराच आहे, लहान नाही. पण तो त्या ८ मधून आला. आपल्या चोपन्न किलोंच्या तिशीतल्या बाईच्या बाबतीत तो ८ चा आकडा शून्याला टेकलेला आहे, आणि शून्याचे २० टक्के किती होतात हे सांगायला हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही, चौथीचे गणित पुरते. ज्याच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजाच नाही त्याने कर्जमाफीच्या रांगेत उभे राहण्यासारखे हे आहे. मिळणार काहीच नाही, वर अर्जाचा खर्च आणि उन्हात उभे राहण्याचा त्रास मात्र पूर्ण.

कारण त्रास माणसाचा बीएमआय विचारून येत नाही. त्याच पहिल्या चाचणीत औषध घेणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांना मळमळ झाली, नुसती सुई घेणाऱ्यांतल्या १७ जणांना. पित्ताशयाच्या तक्रारी एका बाजूला २.६ टक्के, दुसऱ्या बाजूला १.२. बद्धकोष्ठता, जुलाब, उलट्या, आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह. ज्याचे गुडघे वजनाने झिजताहेत तो माणूस हे सगळे तागडीत टाकून ‘चालेल’ म्हणतो, आणि ते शहाणपणाचे असते. चोपन्न किलोंच्या तागडीत दुसऱ्या बाजूला टाकायचे काय, तर मागच्या दिवाळीतला ब्लाउज. शिवाय जे उतरते ती सगळी चरबी नसते. चाचणीतल्या ज्या १४० जणांचे शरीर यंत्राने मोजून पाहिले, त्यांच्या घटलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के वाटा स्नायू वगैरे चरबीविरहित भागाचा होता. शंभर किलोंच्या माणसाजवळ देण्यासारखे बरेच असते. आपल्या बाईचे मात्र सरासरीच्या हिशेबाने १४.९ टक्के उतरले तर ती ४६ किलोंवर येते, म्हणजे बीएमआय १८ च्याही खाली, म्हणजे कुपोषणाच्या रकान्यात. हव्या असलेल्या पन्नासाला औषध थांबेल अशी काही सोय नाही. त्या रेणूला ना तिची नवी जीन्स ठाऊक, ना तिच्या कमरेचे माप.

यावर असे म्हटले जाईल की अहो, ही औषधे नवी आहेत, शास्त्रशुद्ध आहेत, जुन्या काळच्या जडीबुटीशी त्यांची तुलना नको. मान्य. पण ती शास्त्रशुद्ध तपासली गेली आहेत ती जाड माणसांवर. बारीक माणसांवर वर्षानुवर्षे देऊन काय होते, हे पाहण्यासाठी त्या मोठ्या चाचण्यांनी त्यांना दारातच घेतले नव्हते. पुरावा एका माणसाचा आणि दंड दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. आणि वजनाची औषधे जेव्हा जेव्हा गरज नसलेल्यांच्या हाती गेली, तेव्हा काय झाले याची नोंद उपलब्ध आहे. १९६८ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाची सुझॅना मॅकबी ही चांगली सडपातळ पत्रकार वजन उतरवून देणाऱ्या दहा डॉक्टरांकडे जाऊन आली. परतली ती १,४७९ गोळ्या घेऊन. त्या रंगीबेरंगी गोळ्यांत भूक मारणारे अॅम्फेटामाइन असे, थायरॉइडचे संप्रेरक असे, लघवी वाढवणारे औषध असे, जुलाबाचे असे आणि हृदयाचेही असे. रंग तेवढे प्रसन्न होते. पुढे १९९७ मध्ये फेन-फेन ही जोडगोळी हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून तिच्यातली दोषी औषधे बाजारातून गेली. रिमोनाबॅन्ट २००८ मध्ये नैराश्यामुळे युरोपातून गेले, सिब्युट्रामिन २०१० मध्ये हृदयविकारामुळे. आजची औषधे यांच्यापेक्षा पुष्कळ सभ्य आहेत, यात शंका नाही. मात्र दहा डॉक्टरांचे दवाखाने फिरून सडपातळ बाईला गोळ्या मिळाल्या त्या गोळ्यांच्या दोषामुळे नव्हे. गिऱ्हाईक आले, त्याने मागितले, दुकानदाराने दिले. तो भाग रसायनशास्त्राने सुधारत नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो आपल्या पुण्यातूनच निघतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांचा एक फोटो ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये छापला. दोघांचाही बीएमआय अगदी तंतोतंत २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणजे काटा दोघांना एकाच रांगेत उभे करत होता आणि यंत्र एकाला धावपटू व दुसऱ्याला पुणेकर म्हणत होते. पुण्याजवळच्या गावांमधल्या बाळांचा अभ्यास करताना याज्ञिकांच्या चमूला तेच दिसले होते: बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांहून कितीतरी हलकी. पण हलकेपण आले होते ते स्नायूंच्या वाट्याला, चरबी बाळाने नीट जपून आणली होती. बचतीची ही सवय आपल्यात किती खोल आहे पाहा. तेव्हा आक्षेप असा की, भारतीय माणसाचे ‘निरोगी वजन’ ही फसवणूक आहे. वरून बारीक, आतून लठ्ठ. मग त्याने औषध का घेऊ नये?

तर ज्याची साखर वाढली आहे, ज्याच्या यकृतात चरबी साचली आहे, पुरुष असून ज्याची कंबर ९० सेंटिमीटरच्या किंवा बाई असून जिची ८० च्या पुढे गेली आहे, तो माणूस काट्यावर कितीही शहाणा दिसला तरी आपल्या विषयातला नाहीच. तो रुग्ण आहे किंवा होण्याच्या वाटेवर आहे, त्याचे काय करायचे ते त्याच्या डॉक्टरने तपासण्या पाहून ठरवावे, आणि त्यात एखादे दिवशी हे इंजेक्शनही असेल. पण याज्ञिकांच्या शोधाचा आधार घेऊन सुई टोचून घेणाऱ्यांनी तो शोध अर्धाच वाचलेला असतो. आपले दुखणे चरबी जास्त एवढेच नाही, स्नायू कमी हेही आहे. आणि जे औषध उतरवलेल्या प्रत्येक किलोतला मोठा हिस्सा त्या तुटपुंज्या स्नायूंतून वसूल करते, ते अशा माणसाला आंधळेपणाने देणे म्हणजे आधीच कमी असलेल्या गोष्टीत आणखी कपात. त्याला हवा आहे तो ताटातला डाळ-उसळीचा, अंडी-माशांचा वाढीव वाटा आणि आठवड्यातून काही वेळा उचलायला जड वस्तू. सिलिंडर वरच्या मजल्यावर पोचवणाऱ्याला आपण बिनदिक्कत लिफ्ट नाकारतो. त्याच्या तब्येतीची आपण नकळत किती काळजी घेतो!

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. शरीर माझे, पैसा माझा. लोक केस रंगवतात, दात सरळ करून घेतात, तेव्हा कुणी लेख लिहीत नाही. हा मुद्दा मला पटतो, म्हणूनच बंदी-बिंदी असले काही मी सुचवत नाही. फक्त केसांचा रंग पुढच्या महिन्यात बंद केला तर केस पांढरे होतात, तेवढेच. इथे औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले, असे त्याच पहिल्या चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. चिकाटी म्हणतात ती अशी. म्हणजे चार किलोंसाठी घेतलेले औषध एक तर कायमचे घ्यायचे, नाही तर चार किलो तात्पुरते भाड्याने घेतले असे समजायचे. भाडेही लहान नाही: टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा आठवड्याची छोटी कुपी ३,५०० रुपयांना आणि तिच्या पुढची ४,३७५ ला होती, महिन्याचे चौदा ते साडेसतरा हजार. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, आणि पेटंट गेले की देशी कंपन्यांना ते बनवायला मोकळीक. इतके दिवस शहाणपण शिकवायचे काम किंमत करत होती, तेही आता आपल्यालाच करावे लागेल. ‘पुढे जाड होऊ नये म्हणून आत्ताच घेतो’ असे म्हणणारेही भेटतात. लस अशी असते खरी, पण ती दर आठवड्याला जन्मभर टोचत नाहीत.

मग निरोगी माणसाला ते हवे तरी का असते? कारण आपल्याकडे वजन हा खाजगी मामला कधीच नव्हता. मराठी घरांनी ‘दीक्षित की दिवेकर’ या वादात जेवढी रात्रीची जेवणे थंड केली तेवढी निवडणुकांच्या निकालांनीही केली नसतील. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे दीक्षितवाले एका बाजूला, दर दोन तासांनी थोडे खा म्हणणारे दिवेकरवाले दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंचे ऐकून दोनदा जेवून शिवाय दर दोन तासांनी खाणारे मधे. गंमत अशी की १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात ज्या रोगांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे त्या यादीत लठ्ठपणाही आहे. पण हा कायदा मावशी, आत्या आणि शेजारच्या काकू यांना लागू नाही, आणि ‘थोडी भरलीयेस गं’ ही आजवरची सर्वांत परिणामकारक जाहिरात त्या विनामूल्य करतात. सर्वांत जास्त ती चालते लग्नाआधी. नवरीच्या पॅकेजात फेशियल आणि मेंदीच्या शेजारी आता हे इंजेक्शनही येऊन बसल्याच्या बातम्या येतात.

या नवरीचे वेळापत्रक जरा मांडून पाहा. सेमाग्लुटाइडचा डोस दर चार आठवड्यांनी पायरीपायरीने वाढवतात, पूर्ण डोसला पोचायला चार महिने. मे महिन्याचा मुहूर्त तर तिळगुळाच्या सुमारास सुरुवात. मळमळ नेमकी केळवणांच्या हंगामात. प्रत्येक घरी श्रीखंड, प्रत्येक घरी आग्रह, आणि पोटात कालचेच केळवण अजून मुक्कामाला. लग्नात नवऱ्याने उखाणा घेऊन भरवलेला जिलबीचा घास गालात धरून ती हसणार, आणि ज्या काकूंनी ‘भरलीयेस’ म्हटले होते त्याच ‘किती वाळलीस, बरं नव्हतं का?’ म्हणून चौकशी करणार. त्यात गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी हे औषध थांबवायला सांगतात, आणि टिर्झेपाटाइड असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांवर सुरुवातीला आणि दर डोसवाढीनंतर चार आठवडे पूर्ण भरवसा ठेवू नका असेही बजावतात. इकडे ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबरच वाटला जातो. आणि हे सगळे ज्यासाठी, तो अल्बम करणारा फोटोग्राफर नवरीची कंबर, नवऱ्याची हनुवटी आणि मामांचे पोट तसेही संगणकावर आत घेतोच. पॅकेजमध्येच असते ते. त्याने मळमळत नाही, पित्ताशयाला धक्का लागत नाही, आणि वर्षभराने अल्बम उघडला तर दोन-तृतीयांश परत आलेले नसते.